जुन्या धन्याचे कुलूप

वस्तू विकत घेतली म्हणजे ती आपली झाली, हे आपण इतके गृहीत धरून चाललेलो असतो की त्यावर विचार करावा असे सहसा कुणाला वाटत नाही. आमच्याकडे भांड्यांवर नाव घालण्याची रीत आहे. मोडीत गेलेली भांडी पुन्हा बाजारात येतात तेव्हा कुणा अनोळखी बाईचे नाव, एखाद्या लग्नाची तारीख, 'मामांकडून सप्रेम भेट' अशी अक्षरे घेऊन येतात. आपण ती वाचतो, क्षणभर थबकतो, आणि तांब्या घासून फळीवर मांडतो. त्यातले पाणी पिताना त्या बाईची परवानगी आपण विचारीत नाही. तांब्याचेही काही म्हणणे नसते. ज्याच्या हातात तो, त्याची तहान तो भागवतो.

परंतु अलीकडे आपल्या घरांत अशी एक वस्तू आली आहे, की जी पैसे मोजूनही पुरती आपली होत नाही. जुना कॉम्प्युटर घरी आणावा, बटन दाबावे, तर पडद्यावर आधीच्या धन्याचे नाव उमटते आणि त्याखाली परवलीच्या शब्दासाठी एक रिकामी चौकट. कधी आत शिरता येते. पण एखादा नवा प्रोग्रॅम घालू गेलो की उत्तर मिळते, हे काम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे आहे, त्याची परवानगी आणा. आणि हा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर कोण, तर ज्याने ती वस्तू विकून टाकली तो! आपल्याच टेबलावर, आपल्याच विजेवर चालणारी वस्तू जुन्या धन्याशी इमान राखून बसलेली असते.

हे कुलूप तोडण्याचा मला अधिकार आहे काय, आणि असला तर तो कुठवर पोहोचतो, हा प्रश्न गेले काही महिने माझ्या डोक्यात आहे. प्रश्न किरकोळ आहे असे कुणी म्हणेल. तसा तो नाही, असे मला वाटते. विंडोज १० या प्रणालीला कंपनीकडून मिळणारी मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आणि नव्या प्रणालीत न बसणारी अगणित यंत्रे जगभर निकालात निघू लागली. त्यातली काही भंगारात जातील. काही ऐरोली-महाप्याच्या कचेऱ्यांतून, काही लॅमिंग्टन रोडच्या दुकानांतून फिरत फिरत तुमच्या-आमच्या मुलांच्या हाती येतील. ज्यांना नवे परवडत नाही अशी घरे आपल्या देशात थोडी नाहीत. तेव्हा हे कुलूप पुष्कळांच्या वाट्याला येणार आहे.

मी उरणजवळच्या मोरा गावी राहतो. समोर पाणी, पाण्यापलीकडे मुंबई. ओहोटीला बंदरात गाळ उघडा पडतो आणि भाऊच्या धक्क्याच्या लाँचला भरतीची वाट पाहावी लागते. अशा गावात राहिल्यामुळे असेल, पण अ‍ॅडमिनिस्ट्रेटर या शब्दाचा अर्थ मला कुठल्याही कोशापेक्षा कोळीवाड्यात चांगला उमगला. होडीचा जो मालक तो नाखवा. ती समुद्रात जो नेतो तो तांडेल. पुष्कळदा दोघे एकच असतात. पण नसतात तेव्हा नाखव्याने पैसे घातलेले असले तरी समुद्रात शब्द चालतो तो तांडेलाचा. जाळे कुठे टाकायचे, केव्हा परतायचे, हे नाखवा किनाऱ्यावर बसून ठरवू शकत नाही. मालकी ही एक गोष्ट आणि हुकमत ही दुसरी. आता अशी कल्पना करा, की होडी विकली गेली, नाखवा बदलला, नोंदणीही बदलली. पण जुना तांडेल होडीतून उतरलाच नाही, आणि नव्या नाखव्याला म्हणतो आहे, 'माझ्या जुन्या धन्याला विचारून या.' जुन्या कॉम्प्युटरची अवस्था नेमकी ही आहे.

ही व्यवस्था मुळात आली कशी, तेही पाहण्यासारखे आहे. आरंभी कॉम्प्युटर कुणा एकाचा नसेच. १९६० साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हे यंत्र सुरू झाले. असली यंत्रे संस्थांची असत. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९६१ साली फर्नांदो कोर्बातो यांनी अशी योजना केली, की एकच यंत्र अनेकांनी एकाच वेळी वापरावे. आणि एकाचे कागद दुसऱ्याने उलगडू नयेत म्हणून प्रत्येकाला परवलीचा शब्द दिला. म्हणजे परवलीचा शब्द हा मालकीच्या अहंकारातून जन्मला नाही, शेजारधर्मातून जन्मला. चाळीत प्रत्येक खोलीला कडी असते तशीच ही कडी. पुढच्याच वर्षी तिथल्या अ‍ॅलन शेर नावाच्या संशोधकाला आठवड्याचे चार तास पुरेनात, तेव्हा त्याने सगळ्यांच्या परवलीच्या शब्दांची यादीच यंत्राकडून छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या नावावर काम उरकले. म्हणजे कुलूप लागून वर्ष झाले नाही तोच ते उघडण्याची युक्तीही निघाली. आणि ती काढणारा कुणी दरोडेखोर नव्हता, वेळ न पुरणारा एक कष्टाळू विद्यार्थी होता. मला या गोष्टीचे नेहमी हसू येते.

पुढे यंत्र लहान झाले, घराघरात आले, पण चाळीची रचना तशीच राहिली. एकट्या माणसाच्या यंत्रातही नाखवा, तांडेल आणि खलाशी अशा तिन्ही जागा असतात. युनिक्सच्या घराण्यातल्या प्रणालींत तर सर्वाधिकारी वापरकर्त्याला 'मूळ' अशा अर्थाचेच नाव आहे. मूळ ज्याच्या हाती, झाड त्याचे.

आता कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगतो. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. कायद्याचे पुस्तक शब्दकोश शेजारी ठेवून वाचतो. पण १९३० च्या मालविक्रीच्या कायद्याचे चौदावे कलम साधे आहे. विकणाऱ्याला विकण्याचा हक्क असला पाहिजे, आणि घेणाऱ्याला वस्तूचा निर्वेध उपभोग मिळाला पाहिजे, हे प्रत्येक विक्रीत न बोलताही गृहीत असते. किल्ली न देता पेटी विकणे हे या कलमात कसे बसते, हे एखाद्या वकिलाने सांगावे. उलट २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे त्रेचाळिसावे कलम, मालकाच्या किंवा ताबेदाराच्या परवानगीवाचून कॉम्प्युटरमध्ये शिरू नये, असे सांगते. पावती तुमच्या नावाची आहे, तर मालक तुम्हीच. स्वतःची परवानगी तुम्ही स्वतःला द्यायची. (पावती नसली, आणि माल चोरीचा निघाला, तर मात्र गोष्ट निराळी. चोराला पैसे मोजून मालकी मिळत नाही. कुलूप तोडण्याचा विचार करण्याआधी पावती मागावी; दुकानदार आढेवेढे घेऊ लागला तर तिथूनच परत फिरावे.)

एवढ्याने प्रश्न सुटला असता तर मी हा लेख लिहायला बसलो नसतो. यंत्र माझे, हे मान्य. त्यावरची हुकमत माझी, हेही मान्य. पण यंत्राच्या पोटात जे आहे ते कुणाचे?

माझ्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी गेल्या पावसाळी बंदीत, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असताना, तिच्यासाठी एक जुना कॉम्प्युटर आणला. मुलगी दहावी होऊन उरणला कॉलेजात जाते; हिशेबाचे काम शिकते. यंत्र सुरू केले की पडद्यावर दोन नावे येत. एक 'बाबा', दुसरे 'घर'. 'घर' या खात्याला कुलूप नव्हते. कुणीही यावे, पाहावे, लिहावे. पण नवा प्रोग्रॅम घालायचा झाला की 'बाबा'चा परवलीचा शब्द हवा. कुठल्याशा अनोळखी कुटुंबाची सारी रचनाच त्या दोन शब्दांत होती! मुलीला हिशेबाचा प्रोग्रॅम घालायचा होता. दुरुस्तीवाल्या तरुणाला बोलावले. त्याने दोन मार्ग सांगितले. "एक पेन ड्राइव्ह लावतो, दहा मिनिटांत 'बाबा'चा पासवर्ड उडवतो. आतलं सगळं तसंच राहील. नाहीतर सगळं पुसून नवी विंडोज घालतो." पहिल्या मार्गात लाभही होता. आत बरेच महागडे प्रोग्रॅम आयते पडलेले दिसत होते.

मुलीला पहिला मार्ग पसंत होता, आणि त्यात तिचे काही चुकत होते असे मी म्हणणार नाही. घरात पैसे मोजून आणलेली वस्तू जशीच्या तशी वापरावी, असे कुणालाही वाटेल. तिचे वडील मात्र गप्प होते. मग म्हणाले, "सर, खुंट दुसऱ्याचा, डोल दुसऱ्याची, मंग त्यातला म्हावरा आपला कसा?"

मला त्यांचे म्हणणे एकदम पटले. पण पटण्याची कारणे शोधायला मला बरेच दिवस लागले. भांड्यावरचे नाव आणि कॉम्प्युटरमधले कागद यांत फरक कोणता? भांड्यावरचे नाव विकणाऱ्याला दिसत असते. ते दिसत असूनही त्याने भांडे विकले, म्हणजे ते नाव जाऊ देण्याची त्याची तयारी होती. कॉम्प्युटर विकणारा माणूस यंत्र विकतो. आतली पत्रे, दवाखान्याचे कागद, बँकेच्या नोंदी, मुलीच्या लग्नाची छायाचित्रे तो विकत नसतो. ती चुकून, घाईत, किंवा पुसायची कशी हे ठाऊक नसल्यामुळे आत राहिलेली असतात. पुष्कळांना वाटते की आपण सगळे पुसले. पण साध्या डिलीटने मजकूर जात नाही. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडावी, तसे होते. पाने आत असतातच. आणि विकणारा स्वतः बाबाच होता हे तरी कशावरून? बाबा गेले असतील. मुलांनी अडगळ काढता काढता त्यांचे यंत्रही काढले असेल. दिवाळीच्या साफसफाईत आपल्या घरांतून काय काय बाहेर जाते, हे वाचकांना सांगायला नको.

एक गोष्ट मी लहानपणी कीर्तनात ऐकली होती. एका शेतकऱ्याने दुसऱ्याचे शेत विकत घेतले. नांगरताना त्याला मोहरांचा हंडा लागला. तो हंडा घेऊन तो जुन्या मालकाकडे गेला. म्हणाला, मी शेत घेतले, हंडा घेतला नव्हता. जुना मालक म्हणाला, मी शेत विकले तेव्हा आतले सारे तुमचे झाले. भांडण राजाकडे गेले. राजाने निवाडा दुसऱ्या दिवसावर ढकलला. त्या रात्रीत कलियुग लागले, आणि सकाळी दोघेही म्हणू लागले की हंडा माझाच! कीर्तनकार इथे थांबत, श्रोते हसत. मला मात्र ते आदल्या दिवसाचे भांडण अधिक विलक्षण वाटते. दोघेही आपापल्या परीने बरोबर होते. इंग्रज सरकारने १८७८ साली भूमिगत धनाचा कायदा केला, त्यात दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडले तर कलेक्टरला लेखी कळवावे असे घातले. म्हणजे जमीन विकत घेतली तरी तिच्या पोटातले सारे आपोआप आपले, असे तो कायदाही मानीत नाही. त्याआधीच्या, १८७२ च्या करार कायद्यात सापडलेल्या वस्तूविषयी जे आहे ते मला फार आवडते. दुसऱ्याची वस्तू सापडून जो ती जवळ ठेवतो, त्याने ती विश्वासाने ठेवायला दिल्यासारखी सांभाळली पाहिजे. 'आपल्या मालकीची' आणि 'टाकून द्यायची' या दोहोंच्या मध्ये 'सांभाळायची' अशी एक जागा कायद्यालाही ठाऊक होती.

मी मुलीच्या वडिलांना दुसरा मार्ग सुचवला. सगळे पुसून टाका. न वाचता पुसणे ही एक प्रकारची सभ्यताच आहे. लक्ष्मीपूजनाला आपण नवी केरसुणी पुजतो ती उगाच नव्हे. त्यावर ते म्हणाले, "आणि त्या मानसाचा एकच फोटो आसंल आन त्यो यातच आसंल, तर?"

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. वाचणे हा अपराध. पण न वाचता जाळणे हाही एखाद्याच्या बाबतीत अपराध ठरू शकतो. मग कुणी तरी म्हणाले, आत जरा डोकावून नाव-पत्ता तेवढा पाहावा आणि परत करावे. रस्त्यात पाकीट सापडले तर आपण ते उघडतोच की! हे खरे. पण पाकिटात चिठ्ठी वर असते आणि पैसे खाली; नाव पाहून पाकीट मिटता येते. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर होऊन आत शिरणाऱ्याला मात्र एकच खोली उघडता येत नाही. सगळ्या खोल्यांची दारे एकदम उघडतात. आणि शिरणार कोण? दुरुस्तीवाला? मुलगी? मी?

माझ्याविषयी तर मला चांगलेच ठाऊक आहे. मी कादंबऱ्या लिहितो. दुसऱ्याच्या आयुष्याची फट दिसली की माझा डोळा तिथे लागतो. लाँचमध्ये शेजारी बसलेल्या बायकांचे बोलणे मी कान देऊन ऐकतो, आणि त्याला निरीक्षण असे भारदस्त नाव देतो. 'बाबा' आणि 'घर' ही दोन नावे वाचताक्षणीच माझ्या मनात एक अख्खे कुटुंब उभे राहिले होते. बाबांनी 'घर'ला कुलूप घातले नाही आणि स्वतःला घातले, ते कशासाठी? काळजीपोटी, की लपवण्यासारखे काही होते म्हणून? चांगल्या हेतूने आत शिरलेला माणूस पत्ता मिळाल्यावर थांबतो, असे मला मुळीच वाटत नाही. तो म्हणतो, खात्री करण्यासाठी अजून एकच पत्र वाचू या. आत शिरण्याचा अधिकार आणि शिरल्यावर थांबण्याची शक्ती या दोन वस्तू निरनिराळ्या दुकानांत मिळतात.

शेवटी तोड निघाली ती दुरुस्तीवाल्याच्याच तोंडून. हार्ड डिस्क काढून ठेवायची आणि तिच्या जागी नवी घालायची. यंत्र मुलीचे, डिस्क ज्याची त्याची. नव्या डिस्कला अठराशे रुपये पडले. बंदीच्या दिवसांत खलाशाच्या घरातून अठराशे रुपये निघणे म्हणजे काय, हे किनाऱ्यावर राहणाऱ्यांना समजेल. मुलीने आयते मिळालेले महागडे प्रोग्रॅम गेले म्हणून दोन दिवस तोंड पाडले. ज्या दुकानातून यंत्र आणले तिथे मी जाऊन आलो. त्यांनी ते एका गठ्ठ्यातून घेतले होते, त्या गठ्ठ्याचा मागमूस त्यांच्याजवळ नव्हता. 'बाबा' आणि 'घर' अशी दोन खाती असलेला कॉम्प्युटर ज्यांनी विकला असेल त्यांनी संपर्क साधावा, अशी चिठ्ठी मी त्यांच्या फळीवर लावून आलो. अद्याप कुणी आलेले नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, असे मला दोघा-तिघांनी विचारले. त्यांना मी आमच्या तालुक्याची आठवण देतो. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण या भागांतल्या ९५ गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले, जासईच्या परिसरात गोळीबार झाला, पाच माणसे गेली. तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना पुढे आली. ती परत मिळालेली जमीनही साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळाली. बापजाद्यांच्या शेतावर बांधलेल्या घरात राहून त्या घराच्या कागदासाठी दुसऱ्याच्या कचेरीत उभे राहणे, हे इथल्या माणसांनी भोगले आहे. हुकमत कुणाची, हा प्रश्न आमच्याकडे पोरांच्या खेळातला नाही.

म्हणूनच, मला आधी वाटत होते त्यापेक्षा आता मी खरेदीदाराच्या बाजूने अधिक ठाम झालो आहे. यंत्र विकत घेणाऱ्याला त्यावर पूर्ण हुकमत मिळालीच पाहिजे. आयफोनला २०१३ पासून असे कुलूप आहे, की जुन्या धन्याचे खाते सुटल्याखेरीज तो नव्याच्या उपयोगाचा राहत नाही. चोरांना आळा बसावा म्हणून ही योजना झाली, आणि तो हेतू चांगलाच आहे. पण विकणारा खाते सोडायला विसरला तर प्रामाणिक माणसाने घेतलेला धडधाकट फोनही निव्वळ काचेचा तुकडा होतो. कंपन्यांच्या आणि शाळांच्या निकाली निघालेल्या यंत्रांचेही कधी कधी असेच होते. धनी गेला तरी दूरच्या कचेरीचा हुकूम त्यांवर चालू राहतो. अशा वेळी हक्कासाठी घेणाऱ्याने भांडावे, कुलूप काढून मागावे, न काढले तर पैसे परत मागावेत. मात्र हे भांडण यंत्रापुरते. त्याच्या पोटातल्या कागदांवर आपला हक्क सांगायला लागलो की आपणही त्या कचेरीसारखेच झालो.

देणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर काम सोपे आहे. आपले जे असेल ते उतरवून घ्यावे, यंत्र नीट पुसावे, खाते सोडावे, आणि मगच ते हातावेगळे करावे. घर सोडताना आपण देव्हारा रिकामा करून जातो. मागून येणाऱ्याने आपल्या देवांचे काय करावे, या पेचात त्याला टाकत नाही.

त्या मुलीच्या यंत्राचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. नवी डिस्क बसली, नवी विंडोज आली, आणि यंत्राने विचारले, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे नाव काय ठेवू? मुलीने स्वतःचे नाव घातले, परवलीचा शब्द घातला, आणि तो घालताना वडिलांना म्हणाली, "बाबा, तिकडं बघा जरा." ते निमूटपणे खिडकीबाहेर बघू लागले. नंतर त्यांनी हळूच विचारले, की मला बोटीच्या डिझेलचा हिशेब यात ठेवायचा झाला तर? ती म्हणाली, "तुम्हांला वेगळं खातं करून देते." त्याला तिने नाव दिले 'घर'. जुनी डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बोटीच्या कागदांच्या पत्र्याच्या पेटीत ठेवली आहे. त्या पेटीची किल्ली वडिलांकडे असते.